आंब्याच्या झाडाची किंमत

परवा संध्याकाळी नातू ऑफिसातून आला, तो स्वारी भलतीच खुशीत होती. हडपसरच्या एका कारखान्यात 'परचेस'मध्ये लागून त्याला जेमतेम आठ महिने झालेत.

"आजी, आज एका सप्लायरला चार टक्क्यांनी खाली आणला. शिवाय बिलाची मुदत तीस दिवसांवरून नव्वद!"

"मग तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? त्याचं सगळं वर्कशॉप आमच्याच कामावर चालतं."

मी काही बोलले नाही. चहा टाकला. पण मनात काहीतरी खुपलं ते खुपलंच.

मंडळी, मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, खरेदी-विक्रीतलं मला काय कळणार? पण आपल्या जुन्या कागदपत्रांत खरेदीबद्दल जे लिहून ठेवलंय, ते या मुलांच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नसावं असं वाटतं.

शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचं. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पडलेली, पावसाळा तोंडावर. महाराज अंमलदारांना बजावतात की दाणावैरण आत्ताच वारेमाप उडवलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरतील, कुणी दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजीपाला. रयत गाव सोडून जाईल आणि म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून जे लागेल ते पैसे देऊन बाजारातून घ्या. अगदी दिव्याची पेटती वात उंदरानं नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंत त्या पत्रात काळजी आहे. साठा किती, पुरवायचा कसा, घ्यायचा कुठून आणि देणाऱ्याला दुखवायचं नाही. खरेदीखात्याचं सगळं काम एका पत्रात आलं की!

दुसरा ग्रंथ 'आज्ञापत्र'. रामचंद्रपंत अमात्यांचं, १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात लिहिलेलं. अमात्य म्हणजे राज्याचा जमाखर्च पाहणारा प्रधान, तेव्हा पैशाची ओढाताण त्यांनी चांगलीच अनुभवलेली. आरमाराला मोठं लाकूड लागतं. पंत सांगतात, आपल्या अरण्यातला साग परवानगी घेऊन तोडावा, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये. ही झाडं दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं, निकामी झालं असेल, तर मालकाला राजी करावं, त्याला पैसे द्यावेत आणि त्याच्या खुशीनं ते तोडावं. जबरदस्ती बिलकूल नको. (हा मजकूर व्हॉट्सअॅपवर 'शिवरायांचं पत्र' म्हणून फिरतो. धोरण त्यांचंच म्हणा, पण लेखणी अमात्यांची.)

या तीन अटी नीट पाहा. पैसे दिले एवढ्यानं खरेदी पुरी होत नाही. आधी मालक राजी हवा आणि शेवटी तो खूश हवा. ज्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही तो 'हो' म्हणतो, तेव्हा तो राजी असतो की अडलेला?

याच ग्रंथात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर लावू नये, मुलखाच्या महसुलातून तो नेमून द्यावा. कारण? बंदरातल्या वसुलीवर ज्यांचं पोट, ते व्यापाऱ्याला पिळणार. मग व्यापारी येईनासा होईल आणि बंदर बुडेल. समोरच्याला किती दाबलं यावरच ज्याची बढती ठरते, त्या परचेसवाल्या पोरांची गोष्ट याहून वेगळी आहे का?

आता स्वतःबद्दल सांगते. १९८० च्या दशकात मी ज्या शाळेत होते, तिथे नवे बाक करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सुतारमिस्त्रींशी घासाघीस करून भाव चांगलाच उतरवला आणि शिक्षकखोलीत मिरवलं. बाक झाले उत्तम. बिल मात्र सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं आणि मी एकदाही पाठपुरावा केला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, तर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं काम करायला आवडेल हो. पण लाकूडवाल्याला मी काय सांगू?" दुसऱ्याकडून केलेले बाक दिवाळीपर्यंत डगडगायला लागले. त्याच वर्षी मी वर्गात आंब्या-फणसाचा तो भाग अगदी रंगवून शिकवला होता! शिकवणं आणि वागणं यात केवढं अंतर असतं, ते तेव्हा कळलं.

चहा पिता पिता हे सगळं मी नातवाला सांगितलं. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, हेही. तो म्हणाला, "कायदा माहितीये गं. पण कोर्टात कोण जातंय? गेला तर काम जाईल त्याचं." आणि बोलता बोलता स्वतःच थबकला.

काल सकाळी आमच्या मांजरीच्या उपबाजारात गेले होते. एका शेतकऱ्यानं मेथीच्या जुड्यांचे पैसे मोजून घेतले आणि जाता जाता व्यापाऱ्याला म्हणाला, "उद्या पण तुमच्याकडंच टाकतो." मला वाटतं, चांगल्या खरेदीची खूण हीच. विकणारा दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत येतो.

नातवानं नव्वद दिवसांचं पुढे काय केलं, ते मी अजून विचारलेलं नाही. काल रात्री मात्र कपाटातून 'आज्ञापत्र' काढून घेऊन गेला. असो.