पंडिता रमाबाईंची ख्रिस्तनिष्ठा आणि केडगावचे कार्य

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतराची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली. परंतु ती बहुधा २९ सप्टेंबर १८८३ या एका दिवसाभोवतीच फिरत राहिली. त्या दिवशी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एखाद्या श्रद्धेचा स्वीकार ही एका दिवसाची घटना असते. तिचे पालन मात्र आयुष्यभर करावयाचे असते. रमाबाईंच्या निष्ठेचे मोल ठरवावयाचे झाल्यास त्या दिवसानंतरच्या चार दशकांकडे पाहिले पाहिजे.

बाप्तिस्म्यानंतर त्यांना पहिला विरोध झाला तो ख्रिस्ती गुरुजनांकडूनच. वाँटेजच्या भगिनीसंघाची व आंग्ल धर्मपीठाची अपेक्षा अशी होती की, नवदीक्षितेने त्रैक्यादी सिद्धांत निमूटपणे मान्य करावेत. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. परंतु स्वतःची विचारशक्ती धर्मोपदेशकांच्या स्वाधीन केली नाही. त्यांचा तत्कालीन पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

दुसरी कसोटी पुण्यात लागली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस 'शारदासदन' स्थापिले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाच्या अटीनुसार तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नव्हते. मुलींना आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई आपली प्रार्थना दार बंद करून करीत नसत आणि येणारीस अडवीतही नसत. संस्थेची तटस्थता आणि चालिकेची उघड निष्ठा यांतील हा ताण खरा होता. टीकाकारांचा संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येत नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तथापि सक्तीचा आरोप टिकत नाही. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या हिंदूच राहिल्या व त्याच वर्षी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. या प्रसंगी श्रद्धा झाकली असती, तर पुण्याचा आश्रय टिकला असता. रमाबाईंनी श्रद्धा झाकली नाही आणि सदनही बंद केले नाही.

तिसरी कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळाची. रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण अन्नावाचून मरण पावली होती. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० निराश्रित मुली व स्त्रिया आणल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ होती आणि नियमांमुळे इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगाव येथे शेतीसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली, तेच 'मुक्तिसदन'. पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत म्हणून त्यांनी मौन पत्करले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

गुजरातच्या दुष्काळानंतर, म्हणजे १९०० च्या सुमारास, केडगावच्या आश्रितांची संख्या २,००० च्या घरात गेली. इतक्या जणींना केवळ दानावर पोसणे शक्य नव्हते, व रमाबाईंना ते इष्टही वाटत नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना अशी कामे स्त्रिया शिकल्या व चालवू लागल्या. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपासदन' निघाले. कन्या मनोरमा यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. नव्या सदनात ख्रिस्ती उपासना उघडपणे चाले. त्यामुळे पुण्याच्या सुधारकवर्गाशी तुटलेला संबंध पुन्हा जुळला नाही. ही किंमत लहान नव्हती.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी अनुवादाची भाषा मुद्दाम सोपी ठेवली; कारण त्यांच्यासमोरचा वाचक पंडित नसून नुकतीच अक्षरओळख झालेली स्त्री होती. छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये मनोरमा निवर्तल्या. बधिर व जराजर्जर अशा त्या मातेने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

धर्मपीठ, स्वसमाज आणि राजसत्ता या तिन्हींशी रमाबाईंचा विरोध आला. प्रत्येक वेळी माघार घेण्यास सबळ कारण होते. परंतु माघार घेतल्यास निराधार होणाऱ्या स्त्रियांची संख्या प्रत्येक वेळी अधिक होती. १८८३ मध्ये जी श्रद्धा एका व्यक्तीची निवड होती, ती १९०० पर्यंत दोन हजार जणींच्या अन्नाशी जोडली गेली. रमाबाईंच्या धर्मनिष्ठेचा इतिहास केडगावच्या कोठारापासून वेगळा काढता येत नाही, तो याच कारणाने.