ज्यांचं नाव शिळेवर नाही

माझे मामा मुंबई पोलिसात होते. हवालदार म्हणून लागले आणि सब-इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. दर वर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नायगावच्या पोलीस मैदानावर जायचे. घरात फराळाची गडबड चाललेली. मामी म्हणायची, "अहो, पेन्शनीत गेलात ना आता? कशाला जाताय?" मामा काही न बोलता चपला घालायचे.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान मारले गेले. त्यांच्या आठवणीत हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावं वाचली जातात. मामा घरीच, झोपेत गेले. त्यांचं नाव कुठे वाचलं गेलं नाही. तक्रार नाही, नियमच तसा आहे.

हे सगळं आठवायचं कारण तोक्योतलंच. कुदानशिताला आपली वकिलात आहे, त्यामुळे पासपोर्टच्या निमित्ताने तिकडे आपण सगळेच जातो. एकदा काम लवकर आटोपलं, म्हणून तायासुमोन दरवाजातून कितानोमारू बागेत शिरले. बुडोकानच्या जवळच, झाडीत एक शांत वास्तू आहे, यायोई इरेइदो. तोक्योत कर्तव्यावर असताना मृत्यू आलेले पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान यांचं हे स्मृतिस्थान. मूळ १८८५ साली होंगो भागातल्या यायोई-चो इथे उभारलेलं, म्हणून नाव यायोई. १९४७ साली ते इथे आलं. मी हात जोडले आणि मनात आलं, इथेही नायगावसारखाच नियम!

असे मृत्यू जपानी लोक विसरत नाहीत. फेब्रुवारी २००७ मध्ये तोकिवादाई स्टेशनवर रुळांवर उतरलेल्या एका बाईला वाचवताना कोबानमधले पोलीस मियामोतो कुनिहिको जबर जखमी झाले आणि सहा दिवसांनी वारले. तिथल्या चौकीजवळ त्यांच्या नावाची शिळा आहे. पण जो पोलीस पस्तीस-चाळीस वर्षं नोकरी करून घरी बसतो आणि मग जातो, त्याची आठवण कुणी आणि कशी ठेवायची?

जपानमध्ये अशा एका निवृत्त पोलिसाची आठवण मात्र लोकांनी ठेवली आहे. त्याचं नाव हिरात्सुका हाचिबेई. १९१३ साली इबाराकीतल्या शेतकरी घरात जन्म, १९३९ साली तोक्यो पोलिसात भरती, पुढे खुनांचा तपास करणाऱ्या शाखेत. लोक त्याला 'कबुली काढणारा हाचिबेई' म्हणत. २००९ साली केन वातानाबेने टीव्हीवर त्याची भूमिका केली होती, काहींना आठवत असेल.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम १९६३ सालचं. ३१ मार्चला तोक्योतल्या इरिया भागातल्या बागेतून चार वर्षांचा योशिनोबु नाहीसा झाला. पाच लाख येनची खंडणी मागितली गेली. पोलिसांचा घोटाळा असा झाला की पैसे गेले आणि माणूस हाती लागला नाही. एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्यावर संशय होता, पण 'त्या दिवसांत मी फुकुशिमाला गावी होतो' हे त्याचं म्हणणं कुणाला खोडता येईना. हाचिबेई त्या गावात जाऊन दारोदार हिंडला. संशयित म्हणत होता, घरच्या कोठारात शिरून वाळवलेली मोची खाल्ली. घरच्या बाईने सांगितलं, त्या वर्षी मोची केलीच नव्हती! मग चौकशीत तो बोलून गेला, की निप्पोरीची मोठी आग आपण आगगाडीतून पाहिली. ती आग २ एप्रिलची. म्हणजे स्वारी तोक्योतच होती. जुलैमध्ये त्याने कबुली दिली आणि मुलाचा मृतदेह मिनामी-सेन्जूच्या एन्त्सुजी देवळात सापडला. तिथे आज योशिनोबुच्या नावाचा जिझो उभा आहे.

गुन्हेगाराला १९७१ साली फाशी झाली. निवृत्तीनंतर हाचिबेई त्याच्या गावी त्याच्या थडग्याला फुलं वाहायला गेला. घराण्याच्या थडग्यात त्याला जागा दिलेली नव्हती, शेजारी नुसता मातीचा उंचवटा होता. ते पाहून या कडक माणसाला रडू आलं, असं त्याच्या आठवणींत येतं.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट होईल. १९४८ साली तेइकोकु बँकेत विष पाजून बाराजणांना मारल्याच्या प्रकरणात चित्रकार हिरासावा सादामिची याला पकडलं, त्या तपासातही हाचिबेई होता. हिरासावाने कबुली दिली आणि मग ती नाकारली. फाशीची शिक्षा कायम झाली, पण ती कधीच अमलात आली नाही. १९८७ साली, वयाच्या ९५व्या वर्षी तो कैदेतच वारला. तो खरंच गुन्हेगार होता का, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. इथे मात्र तिला फार वजन असे. त्यामुळे 'कबुली काढणारा' हे नाव कौतुकाचं, तसंच काळजीचंही.

शेवटचं प्रकरण तीस कोटींचं. १० डिसेंबर १९६८ रोजी फुचूमध्ये पोलिसाच्या वेशात मोटरसायकलवर आलेल्या एकाने बोनसच्या पैशांची गाडी पळवली. रक्कम २९ कोटी ४३ लाख ७ हजार ५०० येन. १९६९ साली हाचिबेईला या तपासात आणलं. त्याच वर्षी संशयावरून पकडलेला एक तरुण निर्दोष निघाला, पण नाव छापून आल्यामुळे त्याचं व्हायचं ते नुकसान झालंच. चोर सापडला नाही. मार्च १९७५ मध्ये हाचिबेई निवृत्त झाला आणि त्याच डिसेंबरमध्ये कायद्याची सात वर्षांची मुदत संपली. ३० ऑक्टोबर १९७९ रोजी तो वारला. आपल्या दिवाळीच्याच सुमारास.

मला वाटतं, कर्तव्यावर गेलेल्याची आठवण शिळा ठेवते, कारण तिथे एका क्षणाचं धैर्य सांगायचं असतं. निवृत्त होऊन गेलेल्याच्या बाबतीत सगळी नोकरी सांगावी लागते. सुटलेल्या केसेस, न सुटलेल्या, आणि ज्यांबद्दल शंका राहिली त्याही. हाचिबेईच्या आठवणी पत्रकाराने विचारल्या, म्हणून उरल्या.

मामांची एक केस होती. तिचं नाव निघालं की ते उठून गॅलरीत जायचे. मी कधी विचारलं नाही. आता विचारायला मामा नाहीत आणि मामीही नाही.

आपल्या मंडळात कितीतरी जणांचे आजोबा, काका, मावशीचे यजमान पोलिसात होते. यंदा दिवाळीला घरी फोन कराल, तेव्हा फराळाची चौकशी झाली की त्यांना एक केस विचारा. चांगली-वाईट, जशी सांगतील तशी लिहून ठेवा.