व्यालेल्या डुकरिणीचे मांस जाते कुठे?

पिल्ले पाजणारी डुकरीण महिनाभरात हाडकुळी होते, हे तुम्ही पाहिले असेल. दाणा तर पोटभर घातलेला असतो. मग मांस जाते कुठे? ते जाते दुधात. आता हे सोपे वाटते, पण त्याचा नेमका हिशेब लागायला शंभर वर्षे गेली.

१८८९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडमंड ड्रेक्सेल यांनी दुधातल्या प्रथिनातून एक पदार्थ वेगळा काढला. तेच लायसिन. प्रथिने ज्या बारीक घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात, त्यांतले हे एक. पुढे १९१४ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न आणि मेंडेल या जोडीने उंदरांना प्रथिन म्हणून नुसते मक्यातले झीन खाऊ घातले. उंदीर वाळत चालले. ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल मिसळले, तेव्हा वजन टिकले, पण वाढ काही होईना. त्यात लायसिन घातले आणि उंदीर वाढीला लागले.

माळ ओवताना एका रंगाचे मणी संपले की माळ तिथेच थांबते. उरलेले मणी कितीही असोत, ते वायाच. जनावराच्या पोटातही तसेच घडते, आणि डुकराच्या खुराकात बहुधा आधी संपतो तो लायसिनचाच मणी.

बरे, लायसिन आणायचे कुठून? ते फार महाग पडे. १९५६-५७ च्या सुमारास जपानमध्ये किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक उपयोगी जंतू सापडला. त्याच्या बदललेल्या वाणाकडून साखरेवर लायसिन तयार करून घेता येऊ लागले, आणि ते पोत्यांनी मिळू लागले. आपण मळी आंबवतो, त्यातलाच हा प्रकार म्हणा ना. १९८१ साली ब्रिटनमध्ये लायसिनला माप धरून बाकीच्या आम्लांचे प्रमाण ठरवले गेले.

एवढे होऊनही बराच काळ लक्ष होते ते वाढत्या डुकरांवर. आईचा विचार मागे पडला. १९९३ साली अमेरिकेतील पेटिग्रू यांनी तिचा हिशेब मांडला. सगळ्या पिल्लांचे मिळून वजन दिवसाला १ किलो वाढायचे असेल, तर डुकरिणीला त्यासाठी सुमारे २६ ग्रॅम लायसिन लागते. आता पाहा: दहा पिल्ले, प्रत्येकाची वाढ २०० ग्रॅम, म्हणजे ५२ ग्रॅम झाले. नुसता मका घातला, तर ५ किलोतून मिळते जेमतेम साडेबारा ग्रॅम! उरलेले ती बिचारी शक्य तितके स्वतःच्या अंगातून काढते. पहिलटकरीण असेल तर हाल जास्त, कारण तिची वाढच अजून चालू असते आणि खाणेही कमी. मग पिल्ले तोडल्यावर आठवड्याभरात माजावर यायची, ती लांबते. पुढच्या वेताला पिल्लेही कमी पडू शकतात.

सोयाबीनच्या १ किलो पेंडीत २८ ग्रॅमच्या आसपास लायसिन असते. भुईमुगाच्या पेंडीत त्याच्या निम्म्याच्या जवळपास. मात्र घरचे कच्चे सोयाबीन तसेच घालू नका. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारा पदार्थ असतो, तो नीट भाजल्या-शिजवल्याने निकामी होतो. विकतची लायसिन पूड वापरलीत, तरी पेंड एकदम तोडू नका. लायसिनची भर झाली की पुढचा मणी कमी पडतो, तो बऱ्याचदा थ्रिओनिनचा.