सामिदतचं पाणी

श्रावणातला रविवार. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुम्ही भाड्याची सायकल घेता आणि कान्हेरी लेण्यांचा रस्ता धरता. सहा-सात किलोमीटर. शेवटच्या चढावर मांड्या भरून येतात, बाटलीतलं पाणी संपतं. रिकामी बाटली हातातच असू द्या. आता पायऱ्या चढायच्या, आणि इथे वर जाणं म्हणजे मागे जाणं.

थोडं चढून मागे बघा. १८७९ साल. झाडीपलीकडे तुळशी तलावाचं धरण नुकतंच उभं राहिलंय. विहार तलाव १८६० पासूनच भरतोय. मुंबईची तहान या डोंगरांवर येऊन पडली आहे. पाणलोट राखायचा, म्हणून जंगलही राखलं जाणार आहे.

आणखी वर, लेणं क्रमांक ९०. पारशांचा यज्दगर्दी सन ३७८, म्हणजे १० ऑक्टोबर १००९. पाऊस सरलाय. आलेले पारशी यात्रेकरू आपली नावं आणि तारीख पहलवी लिपीत भिंतीवर कोरून ठेवतायत. छिन्नीची टकटक तुमच्या कानाशी येते. तुम्ही वाट सोडून पुढे होता.

आता सातवाहनांचा काळ. डोंगराचं नाव कण्हसेल, काळा डोंगर. धो धो पाऊस. भिक्खूंचा वर्षावास चालू आहे, कोणी डोंगर सोडत नाही. कातळावरून धावणारं पाणी कोरलेल्या पन्हळीत शिरतं आणि लेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यात उतरतं. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा, तर त्याला घर हवं. त्या घराला इथे ‘पोढी’ म्हणतात. सोपारा, चेऊल, नाशिक, कुठकुठची माणसं लेणी आणि पोढ्या दान करतायत.

समोरच्या ओळी ब्राह्मीत आहेत, पण भाषा तुमच्या आजीच्या आजीची, प्राकृत. ‘लेण’ हा शब्द तर तुम्हाला ओळखूच येतो. एका लेखात कल्याणचा सोनार सामिदत सांगतोय, की ही पाण्याची पोढी त्याचं दान. तुमच्या हातातली बाटली बघून एक भिक्खू पोढीशी वाकतो. पाण्यात जीव असतील म्हणून फडक्यातून गाळतो आणि मग ओततो. पाणी गार. दगडाची किंचित चव.

खाली बस हॉर्न देते. तुम्ही आजमध्ये परत. पोढी तीच, काठोकाठ भरलेली. वर वेफर्सचं रिकामं पाकीट तरंगतंय, आणि शेजारच्या भिंतीवर कोणीतरी बदामात दोन नावं खरवडली आहेत.

सामिदतनंही इथे नाव कोरलं होतं, पण आधी पाणी दिलं होतं. तुम्ही पोढी खोदायला नको. ते पाकीट तेवढं काढा आणि पिशवीत टाका. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.