आठ जाती, नऊ जाती: इंग्रजी वाक्य चुकतं तेव्हा इतिहासात काय बघायचं?

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची किंवा नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: "विषय समजतो, पण इंग्रजीत लिहायला बसलं की वाक्य चुकतं. काय करायचं?" यावर नेहमीचं उत्तर म्हणजे 'व्याकरणाचं पुस्तक घे आणि सोडव'. ते चूक नाही. पण मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला आधी वेगळा प्रश्न पडतो: हे व्याकरण आपल्याकडे आलं कुठून? आणि आपण नेमके ठरावीक ठिकाणीच का अडखळतो? आज त्याबद्दल लिहितोय. यातून संशोधनाची एक पद्धतही शिकता येते.

मराठी व्याकरण इंग्रजीच्या साच्यात

शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अव्यय. ही यादी आपल्याला अगदी घरची वाटते. पण संस्कृत परंपरेत यास्काने पदांचे चारच प्रकार सांगितले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. मग आठ कुठून आले?

1836 साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झालं. दादोबा (1814–1882) मुंबईत इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पहिल्या पिढीतले. त्या काळात इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हातात लिंडली मरे यांचं 1795 चं व्याकरण असायचं. दादोबांच्या मांडणीवर त्याच इंग्रजी व्याकरणाची छाप आहे. मरे यांच्या पुस्तकात शब्दांच्या नऊ जाती आहेत. त्यातली 'आर्टिकल' ही जात काढून टाका, म्हणजे उरतात त्या आज आपण शिकतो त्याच आठ.

म्हणजे मराठी शाळेत शिकलेला मुलगा इंग्रजी व्याकरणाचा सांगाडा नकळत आधीच शिकलेला असतो. फक्त नववी जात, म्हणजे 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द', त्याला कधी भेटलेली नसते, कारण मराठीत ती नाही. 'नाशिक जिल्ह्यात सर्वेक्षण केलं' या वाक्यात सर्वेक्षणाच्या आधी आपण काहीच लावत नाही. इंग्रजीत मात्र सर्वेक्षणाचा उल्लेख पहिल्यांदा येतो तेव्हा 'अ सर्व्हे' आणि पुन्हा त्याचाच उल्लेख आला की 'द सर्व्हे'. प्रबंधात सर्वात जास्त लाल खुणा याच जागी पडतात, त्यात नवल नाही.

विरामचिन्हांचंही असंच. मराठीत इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. आपण मराठीत जो स्वल्पविराम देतो, तो मुळात इंग्रजीकडूनच आलेला आहे.

भाषांतरातून इंग्रजी

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला सुरू झालं. त्यात एकाच पानावर शेजारी शेजारी इंग्रजी आणि मराठी मजकूर असायचा. अशी पानं पाहिली की कळतं, त्या पिढीला दोन भाषा समोरासमोर ठेवून वाचणं सवयीचं होतं.

पुढे हीच सवय शिकवण्याची पद्धत झाली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' हे त्याचं ठळक उदाहरण. घरोघरी तिला नुसतं 'तर्खडकर' म्हणायचे. पद्धत सरळ होती: नियम, शब्द, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचं मराठी. शिक्षक नसला तरी चालेल अशी तिची रचना होती. खेड्यातल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट होती.

यात मोठा फायदा होता आणि एक सापळाही होता. फायदा असा की इंग्रजीचा दरवाजा मराठीतूनच उघडत होता. सापळा असा की विद्यार्थ्याला वाटायला लागतं, प्रत्येक मराठी शब्दासमोर एक इंग्रजी शब्द ठेवला की काम झालं. दोन उदाहरणं बघा.

एक, 'मी दोन वर्षांपासून संशोधन करतोय.' शब्दाला शब्द लावला की होतं 'आय अ‍ॅम डुइंग रिसर्च सिन्स टू इयर्स'. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन डुइंग रिसर्च फॉर टू इयर्स'. आपला 'पासून' सुरुवातीचा क्षणही दाखवतो ('2022 पासून') आणि कालावधीही ('दोन वर्षांपासून'). इंग्रजीत पहिल्यासाठी 'सिन्स' आणि दुसऱ्यासाठी 'फॉर'. शिवाय काम अजून चालू आहे हे दाखवायला क्रियापदही बदलावं लागतं.

दोन, 'संशोधकाने मुलाखती घेतल्या.' मराठीत हा कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून 'मुलाखती' आणि 'घेतल्या'. इंग्रजीत क्रियापद कर्त्याकडेच बघतं, म्हणून 'द रिसर्चर हॅज', मुलाखती शंभर असल्या तरी. 'हॅज' की 'हॅव' हा गोंधळ झाला की एकच विचारायचं: कर्ता कोण?

प्रश्न फक्त व्याकरणाचा होता का?

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक होते महादेव गोविंद रानडे. त्यांचा जन्म 1842 चा, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. पुढे न्यायखात्यात असताना 1878 मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदलीही झाली. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा त्यांचा ग्रंथ 1900 मध्ये आला, तो इंग्रजीत. पण विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांमध्ये मराठीला जागा मिळावी म्हणून झटणारेही रानडेच होते. इंग्रजी उत्तम येणारा माणूस मराठीसाठी भांडत होता.

दुसऱ्या टोकाला वि. का. राजवाडे. गावोगाव फिरून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा केली आणि लेखन मराठीतच करायचं हा आग्रह धरला. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

तिसरी बाजू सावित्रीबाई फुल्यांची. 1854 च्या 'काव्यफुले' संग्रहात त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. ज्यांना संस्कृत पाठशाळेचं दार बंद होतं, त्यांच्यासाठी इंग्रजी हे सुटकेचं साधन होतं. म्हणून 'इंग्रजी म्हणजे गुलामी' किंवा 'इंग्रजी म्हणजे प्रगती' असं एका ओळीत सांगता येत नाही. कोण शिकतंय, कशासाठी शिकतंय, हे विचारावं लागतं.

आजही तेच आहे. चुकलेल्या 'सिन्स'वरून कुणाच्या बुद्धीचा अंदाज बांधला गेला, तर तिथे व्याकरण गाळणीचं काम करतं. चांगला विषय असलेला विद्यार्थी मुलाखतीत गप्प बसतो आणि संशोधन एका चांगल्या प्रश्नाला मुकतं. हे नुकसान मला जास्त गंभीर वाटतं.

संशोधक म्हणून यातून काय घ्यायचं?

पहिलं: व्याकरणाचं जुनं पुस्तक हे साधन म्हणून वाचा. नियम बाजूला ठेवा, उदाहरणाची वाक्यं बघा. त्यात कर्ता कोण असतो? स्त्रिया काय करतात? नोकर, साहेब, शेतकरी कसे येतात? एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर काय बदललं ते टिपा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे. जुन्या ग्रंथालयांत अशी चौकशी जरूर करा.

दुसरं: घाईने निष्कर्ष काढू नका. 'मराठीमुळे आपण चुकतो' हे विधान तपासायला हवं. 'सिन्स टू इयर्स' ही चूक हिंदी भाषक करतात आणि जर्मन भाषकही करतात, कारण त्यांच्या 'से' आणि 'झाइट' या शब्दांतही दोन्ही अर्थ मावतात. म्हणजे हे मराठी माणसाच्या कच्चेपणाचं लक्षण नाही, दोन भाषांच्या रचनेतला फरक आहे. तुलना केली की दावा नेमका होतो.

तिसरं, अगदी व्यवहाराचं: स्वतःच्या चुकांची वही ठेवा. तीन रकाने: माझं वाक्य, दुरुस्त वाक्य, मागचं मराठी वाक्य. महिन्याभरात दिसेल की चुका शंभर प्रकारच्या नसतात, चार-पाच प्रकारच्याच असतात. आर्टिकल, 'सिन्स-फॉर', कर्ता-क्रियापद, आणि 'च्याविषयी चर्चा' मनात असल्याने येणारं 'डिस्कस अबाउट' (नुसतं 'डिस्कस' पुरतं). मार्गदर्शकांकडे मसुदा देण्याआधी फक्त या चार गोष्टींसाठी एकेकदा वाचून काढा. चारही एकदम शोधू नका, एका वाचनात एकच.

आणि कच्चा आराखडा मराठीत लिहायला लाजू नका. युक्तिवाद आधी मराठीत पक्का होऊ द्या. इंग्रजी वाक्य नंतर दुरुस्त करता येतं, पण युक्तिवादच नसेल तर दुरुस्त करायला हातात काहीच उरत नाही.