महिला फुटबॉल : संघ आणि संस्था

क्रीडेतिहासाच्या लेखनात ‘संघ’ आणि ‘संस्था’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे. अकरा खेळाडू, एक मार्गदर्शक आणि एखाद्या स्पर्धेचे निमंत्रण एवढ्या सामग्रीवर संघ उभा राहतो. स्पर्धा संपून तो पांगला तरी कोणाचे अडत नाही. संस्थेस मात्र स्वतःचे सभासद लागतात, दप्तर लागते, मैदानावर काही एक हक्क लागतो, आणि पुढील वर्षीही आपण असू ही खात्री लागते. भारतातील महिला फुटबॉलचा इतिहास हा बहुतांशी संघांचा इतिहास आहे, संस्थांचा नव्हे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एफ. सी. पुणे सिटी या क्लबच्या महिला संघाची हकीकत या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

प्रथम पूर्वपीठिका. १९७५ साली महिला फुटबॉलचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला व पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुरुषांच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या अखिल भारतीय महासंघाशी या उद्योगाचा त्या काळी संबंध नव्हता. तरीही आरंभ दुर्बळ होता असे म्हणता येणार नाही. १९८० साली कोझिकोड येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत यजमान भारताने दोन संघ उतरविले आणि त्यांपैकी एकाने अंतिम सामना गाठला; १९८३ साली बँकॉक येथे भारत पुन्हा उपविजेता ठरला. गोव्याच्या योलांडा डिसूझा या त्या पिढीतील नामांकित खेळाडू. परंतु या सर्वजणी खेळल्या त्या राज्याच्या नावाने, पुढे रेल्वेसारख्या खात्याच्या नावाने. क्लब ही पायरी त्यांच्या वाटेत जवळजवळ नव्हतीच. राज्यसंघ वर्षातून एकदा जमावयाचा आणि स्पर्धा आटोपताच विसर्जित व्हावयाचा. १९९० नंतरच्या काही वर्षांत अखिल भारतीय महासंघाने हा कारभार आपल्याकडे घेतला. व्यवस्थेचे स्वरूप मात्र त्याने पालटले नाही.

येथे इंग्लंडमधील एका उदाहरणाची आठवण ठेवणे उपयुक्त होईल. प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली, आणि ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. तरीही प्रेस्टनच्या स्त्रिया खेळत राहिल्या. कारखान्याचा आश्रय सुटल्यावर त्यांनी नाव बदलले, मिळेल त्या मैदानावर सामने केले, आणि १९६५ पर्यंत आपला क्लब चालविला. बंदी संघावर आली, पण तोवर त्याची संस्था झाली होती.

आता पुण्याकडे वळू. एफ. सी. पुणे सिटी हा क्लब २०१४ साली इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला. बालेवाडीचे क्रीडासंकुल हे त्याचे घरचे मैदान. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा या क्लबने आपला महिला संघ उभा केला. २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झालेल्या पहिल्या अंतिम टप्प्यात सहा संघ होते : मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, ओडिशाचा रायझिंग स्टुडंट क्लब, हरियाणातील अलखपुरा, चेन्नईचा जेप्पियार, ऐझॉल आणि पुणे. सुपर लीगमधील श्रीमंत क्लबांपैकी महिला संघ पाठविणारा पुणे हा एकटाच होता, हे त्याच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. विजेतेपद ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने मिळविले.

या स्पर्धेस ‘व्यावसायिक’ म्हणावे काय? सारा अंतिम टप्पा एकाच शहरात, तीन आठवड्यांच्या आत उरकला. घरचे सामने नाहीत, म्हणजे घरचा प्रेक्षक नाही; पुण्याच्या खेळाडूंनी पुण्याच्या नावाने जे सामने खेळले ते पुणेकरांनी पाहिलेच नाहीत. इतक्या थोड्या दिवसांच्या खेळावर वर्षाचे वेतन कोण देणार? २०१८ साली शिलाँग येथील अंतिम टप्प्यात पुणे सिटी नव्हता; महाराष्ट्राच्या वतीने मुंबईचा इंडिया रश होता. २०१९ साली तर आर्थिक अडचणींमुळे मूळ क्लबच बंद पडला आणि सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबकडे गेली. स्त्रियांवर बंदी कोणी घातली नव्हती. पुरुषांच्या संघासाठी उभारलेला ताळेबंद मिटला, आणि त्याच्या एका कोपऱ्यात नोंदलेला महिला संघही त्याबरोबर मिटला. प्रेस्टनचा संघ कारखान्यावाचून जगू शकला. पुण्याचा जगू शकला नाही, कारण त्याचे म्हणून स्वतंत्र असे काहीच नव्हते.

ज्या गावी फुटबॉल संस्था खोल रुजल्या आहेत तेथे तरी स्त्रियांना जागा मिळाली असेल, असा तर्क कोणी करील. महाराष्ट्रात असे गाव कोल्हापूर. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ पेठापेठांच्या तालमींचे आहेत. पेठेची वर्गणी, पेठेचा अभिमान आणि शाहू स्टेडियमवरील गर्दी यांवर ते पिढ्यान् पिढ्या टिकले. संस्था म्हणून त्यांच्या तोडीचे महाराष्ट्रात थोडेच सापडेल. पण तालीम हे मुळात मल्लांचे स्थान, पुरुषांचे. फुटबॉल तालमीत शिरला तो तिचे पुरुषी स्वरूप तसेच ठेवून. म्हणूनच २०१९ च्या लुधियाना येथील आणि २०२० च्या बंगळूर येथील राष्ट्रीय महिला लीगमध्ये कोल्हापूरचे नाव दिसते ते एखाद्या तालमीच्या रूपाने नव्हे, तर एफ. सी. कोल्हापूर सिटी या नव्या नावाने. जुन्या संस्थेचे बळ स्त्रियांच्या कामी आले नाही. त्यांना शेजारी वेगळे घर बांधावे लागले. हा तपशील लेखकास पुण्याच्या प्रकरणाहूनही बोलका वाटतो.

रायगड जिल्ह्यात ही उणीव निराळ्या रूपाने दिसते. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. या भागात गावोगाव मंडळे आहेत ती कबड्डीची. अष्टमीच्या एखाद्या मुलीस फुटबॉल खेळावासा वाटला तर शालेय स्पर्धा आणि राज्यसंघाची निवड यांच्या मध्ये तिला धरून ठेवणारी पायरी कोणती? २०२२ साली आशियाई महिला चषकाचा अंतिम सामना फेब्रुवारीत, आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला, असे दोन्ही नवी मुंबईत, नेरूळच्या मैदानावर झाले. रोह्याहून ते गाव फार दूर नाही. पण स्पर्धेचे यजमानपद ही पाहुण्यांची सोय. तिने संस्था निर्माण होत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारतीय महासंघास निलंबित केले, तेव्हा केरळच्या गोकुलम क्लबच्या खेळाडू आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळताच परतावे लागले. निलंबन अकरा दिवसांत उठले, पण स्पर्धा गेली ती गेलीच. मात्र गोकुलम त्या आघाताने नाहीसा झाला नाही. पुढच्याच मोसमात त्याने राष्ट्रीय लीग पुन्हा जिंकली.

२०२३-२४ मध्ये ही लीग प्रथमच घरच्या व बाहेरच्या मैदानांवर, कित्येक महिने चालणारी अशी झाली. व्यावसायिक क्लबची कल्पना अर्थपूर्ण व्हावयास जे हवे होते त्याचा हा आरंभ होता. तीत सात संघ होते : केरळ, कर्नाटक, तमिळनाडू, बंगाल व दिल्ली यांचा प्रत्येकी एक अथवा ओडिशासारखे दोन. महाराष्ट्राचा अथवा गोव्याचा एकही नव्हता.