बायांचं बायबल

तामलवाडीहून सोलापूर गाठलं अन् पुण्याची रेल्वे धरली, की दौंडाच्या पुढं केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या पोरीबाळी त्यांनी जगवल्या, शिकवल्या. अक्षर आलं, पण मराठी बायबलातले जड संस्कृत शब्द काही उमजेनात. मग संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईनं हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतलं. मला नवल वाटतं ते पुढचं. मिशनातल्या बायांनीच खिळे जुळवले, पानं छापली. काम वर्षानुवर्षं चाललं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ला गेल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला.

आपल्याकडं पोथी एकानं वाचायची अन् दहांनी ऐकायची. ख्रिस्ती घरातही वाचणारा बहुधा पाळकच. आता भाकऱ्या उरकल्यावर बाई दिव्यापाशी बसून ओळीखाली बोट फिरवत स्वतः वाचू शकत होती. पीक गेलं, घरातलं माणूस गेलं, तर कुणाची वाट न बघता तेविसावं स्तोत्र उघडायचं. त्यातला मेंढपाळ आपल्या माळरानात कुणाला फोडून सांगावा लागत नाही.